हिंदूंचा देव आणि जैनांचा देव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बाराजण एकत्र बसून जुने ग्रंथ वाचतो. तिथे चिठ्ठ्यांवर आणि नंतर व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, त्यांची ही एकत्र उत्तरं. माझं लहानपण गुरुवार पेठेतल्या वाड्यात गेलं. खाली आमचे माळकरी आजोबा, वरच्या मजल्यावर एक जैन बिऱ्हाड. सकाळी खालून हरिपाठ आणि वरून णमोकार असे दोन्ही सूर कानावर पडत. हा विषय मला तिथूनच लागला.

१. जैन लोक देव मानतात की नाही? सरळ उत्तर द्या.

मानतात. मात्र जग घडवणारा, ते चालवणारा आणि पापपुण्याचा हिशेब ठेवून फळ देणारा देव ते मानत नाहीत.

गोंधळ आपल्या ‘देव’ या शब्दामुळे होतो. मराठीत या एकाच शब्दावर तीन ओझी आहेत: जगाचा कर्ता, स्वर्गात राहणारे इंद्रादी देव आणि ज्याच्यापुढे आपण हात जोडतो तो पूज्य. जैन विचारात ही तिन्ही वेगळी होतात. कर्ता कोणी नाहीच. स्वर्गातले देव आहेत, पण तेही तुमच्या-माझ्यासारखे संसारातच अडकलेले जीव. त्यांचं आयुष्य मोठं असलं तरी संपतं, आणि मोक्ष हवा तर इंद्रालाही माणसाचा जन्म घ्यावा लागतो. पूज्य तो ‘जिन’, म्हणजे ज्यानं राग आणि द्वेष जिंकले तो.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, ‘देव मानता का’ असं विचारू नका, ‘तुमचा देव काय करतो’ असं विचारा. खरा फरक तिथे उघडा पडतो.

२. अरिहंत, सिद्ध, तीर्थंकर, केवली हे सगळे एकच का?

नाहीत. आत्म्याचे ज्ञानादी गुण झाकणारी चार घाती कर्मं नष्ट झाली की केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान होतं. तो केवली, तोच अरिहंत. त्याला अजून देह असतो. देह आणि आयुष्य टिकवणारी उरलेली चार अघाती कर्मं संपून देह सुटला की तो सिद्ध: निराकार, लोकाच्या म्हणजे विश्वाच्या अगदी वरच्या टोकाशी, कायमचा. तीर्थंकर म्हणजे असा अरिहंत, जो साधू, साध्वी, श्रावक, श्राविका असा चतुर्विध संघ उभारून इतरांना वाट दाखवतो. जैन मतात काळाचं चाक चढत्या आणि उतरत्या अशा दोन अर्धांत फिरतं. अशा प्रत्येक अर्धात आपल्या भरतक्षेत्रात, म्हणजे आपण राहतो त्या भूभागात, २४ तीर्थंकर होतात. या खेपेचे पहिले ऋषभदेव, शेवटचे महावीर.

सिद्धांची पायरी वरची असूनही णमोकार मंत्रात ‘णमो अरिहंताणं’ आधी आणि ‘णमो सिद्धाणं’ नंतर का, असं एका शाळकरी मुलानं विचारलं होतं. फार चांगला प्रश्न. सिद्ध बोलत नाहीत, अरिहंत बोलतात. सिद्ध आहेत हे आपल्याला कळलं ते अरिहंतांमुळे. उपकाराचा मान पहिला.

३. आणि हिंदूंचा देव? तो एक की तेहतीस कोटी?

बृहदारण्यक उपनिषदात (३.९) शाकल्य नेमकं हेच याज्ञवल्क्यांना विचारतो: देव किती? उत्तर येतं ३३०६. तो पुन्हा विचारतो. मग ३३, मग ६, ३, २, दीड आणि शेवटी १. त्यातल्या ३३ ची यादीही दिली आहे: ८ वसू, ११ रुद्र, १२ आदित्य, इंद्र आणि प्रजापती. मला हा संवाद अतिशय आवडतो, कारण याज्ञवल्क्य आधीचं कुठलंच उत्तर खोटं ठरवत नाहीत. ऋग्वेदातलं ‘एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति’ (१.१६४.४६) हे त्याच वळणाचं.

म्हणून पुण्यात कसबा गणपती ग्रामदैवत, तांबडी जोगेश्वरी ग्रामदेवता, घरचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा आणि आषाढी वारीत दर्शन पालखीचं, असं सगळं एकाच माणसाच्या आयुष्यात सुखानं नांदतं. हिंदूंची देवकल्पना एकच एक नाही. शंकराचार्यांना निर्गुण ब्रह्म हे अंतिम सत्य, रामानुजांना अनंत गुणांनी भरलेला नारायण, मध्वाचार्यांना जीवापासून कायम वेगळा असणारा विष्णू. आणि देवाशिवाय चालणारी हिंदू दर्शनंही आहेत. त्यांच्याविषयी प्रश्न ९ मध्ये.

४. कर्ता नाही, तर मग जग आलं कुठून?

जैन उत्तर असं की ते कुठून आलंच नाही, ते आहेच. जीव, पुद्गल (जड पदार्थ), धर्म, अधर्म, आकाश आणि काल ही सहा द्रव्यं अनादि-अनंत आहेत. बदलतात त्यांच्या अवस्था. (इथे ‘धर्म’ आणि ‘अधर्म’ म्हणजे गतीला आणि स्थितीला साहाय्य करणारी द्रव्यं. पुण्यपापाशी त्यांचा संबंध नाही.)

यावर खूप जुना आणि जोरकस वाद झाला आहे. न्याय या तर्कप्रधान हिंदू दर्शनाचं म्हणणं असं: मडकं आहे म्हणजे कुंभार आहे, तसं जग हे कार्य आहे, म्हणजे त्याचा कर्ता हवाच. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराच्या सिद्धीसाठी अशी प्रमाणं एकापुढे एक मांडली. त्याआधी नवव्या शतकात जिनसेनाचार्यांनी ‘आदिपुराणा’त उलट प्रश्न विचारले होते. जग घडवण्याआधी तो कर्ता कुठे होता? त्याला देह नसेल तर मूर्त वस्तू त्यानं कशी घडवली? तो परिपूर्ण असेल तर जग घडवावं अशी इच्छा त्याला का झाली, आणि अपूर्ण असेल तर त्याच्यात आणि कुंभारात फरक काय?

सगळे वैदिक ऋषी मात्र उदयनांइतके ठाम नव्हते. नासदीय सूक्त (ऋग्वेद १०.१२९) जगाच्या उगमाबद्दल विचारत विचारत शेवटी म्हणतं की परम आकाशात जो याचा अध्यक्ष आहे त्याला हे ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. हे सूक्त आमच्या रविवारच्या वाचनवर्गात वाचलं त्या दिवशी बराच वेळ कोणी बोललं नाही.

५. देव न्याय देत नसेल तर वाईट माणसाला शिक्षा कोण करणार?

जैन मतात कर्म ही नुसती कल्पना नाही. ते अतिसूक्ष्म पुद्गल आहे, खरोखरचं द्रव्य. राग-द्वेषाच्या ओलाव्यामुळे ते आत्म्याला चिकटतं, पिकतं आणि फळ देऊन गळून पडतं. विष प्यायलेल्या माणसाला विष बाधतं, त्यासाठी न्यायाधीश लागत नाही, तसं.

हिंदूंमध्ये बहुतेक वेदान्ती म्हणतात की कर्म जड आहे, त्याला आपलं फळ कोणतं हे कळत नाही, म्हणून फळ देणारा ईश्वर लागतो. पण मग एक श्रीमंत घरात आणि दुसरा उपाशी का जन्मतो, देव पक्षपाती आहे का? ब्रह्मसूत्रांचं उत्तर (२.१.३४) आहे ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’. ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्माकडे पाहूनच देतो, म्हणून त्याला पक्षपाताचा किंवा निर्दयपणाचा दोष लागत नाही. यावर जैन विचारतो, सगळं कर्माप्रमाणेच व्हायचं तर मधला हा दाता कशाला? प्रश्न रास्त आहे. पण भक्तीचं उत्तरही तयार आहे: दाता असल्याशिवाय क्षमा कुठून येणार? ‘अहं त्वा सर्वपापेभ्यो मोक्षयिष्यामि’ हे गीतेतलं (१८.६६) आश्वासन कर्माच्या नियमातून निघत नाही, ते कोणीतरी द्यावंच लागतं.

६. तीर्थंकर ऐकत नाहीत, काही देत नाहीत, मग त्यांची पूजा का करायची?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि तो विचारणाऱ्यांत निम्मे जैन घरातले असतात.

समंतभद्र या जैन आचार्यांनी तो स्वयंभूस्तोत्रात स्वतःच उपस्थित केला आहे:

न पूजयार्थस्त्वयि वीतरागे न निन्दया नाथ विवान्तवैरे ।
तथापि ते पुण्यगुणस्मृतिर्नः पुनाति चित्तं दुरिताञ्जनेभ्यः ॥

म्हणजे, हे नाथ, तू वीतराग आहेस, तुला पूजेचं काही नाही. वैर तू ओकून टाकलं आहेस, तुला निंदेचंही काही नाही. तरी तुझ्या पवित्र गुणांची आठवण आमचं चित्त पापाच्या काजळीपासून धुऊन काढते. तत्त्वार्थसूत्र या जैन तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाच्या आरंभी म्हणतात त्या मंगलश्लोकाचा शेवट ‘वन्दे तद्गुणलब्धये’ असा आहे: त्याचे गुण मला लाभावेत म्हणून मी वंदन करतो. आणि मानतुंगाचार्य भक्तामर स्तोत्रात (श्लोक १०) ऋषभदेवांना म्हणतात की तुझी स्तुती करणारे तुझ्यासारखे होतात यात नवल कसलं, आश्रिताला जो स्वतःच्या बरोबरीचा करत नाही त्या धन्याचा उपयोग काय!

आता आपला वारकरी देव आठवा. तो जनाबाईबरोबर जात्यावर बसतो. नामदेव त्याच्या दारात उभे राहून भांडतात: ‘पतितपावन न होसि म्हणुनी जातो माघारा’. या देवाला साकडं घालता येतं, गाऱ्हाणं सांगता येतं, रुसता येतं. सिद्धावर रुसता येत नाही. एका घरात देव आपल्याजवळ येतो, दुसऱ्या घरात आपण चालत त्याच्यापर्यंत पोहोचायचं असतं. माझ्या आजोबांना पहिल्याची गरज होती. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तरुण मुलाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच्या आधारानं दिवस काढले. ‘देवानं माझं असं का केलं’ हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही, कारण त्यांच्या देवानं काही केलंच नव्हतं. तो आधार कोरडा नव्हता. मी जवळून पाहिला आहे.

७. जैन मंदिरात प्रसाद का मिळत नाही?

जिनांना वाहिलेलं परत घ्यायचं नसतं. तो त्याग आहे, नैवेद्य दाखवून मिळालेली कृपा नव्हे. एक प्रसिद्ध अपवाद गुजरातेत महुडीला: घंटाकर्ण महावीरांना सुखडी वाहतात आणि ती तिथेच, आवाराबाहेर न नेता, खातात. पण घंटाकर्ण हे तीर्थंकर नव्हेत, रक्षक वीर आहेत (प्रश्न १० पाहा).

८. सिद्ध जर परत येत नाहीत, तर मूर्तीत असतं कोण?

कोणी नसतं, आणि हे श्रद्धाळू जैनच तुम्हाला सांगतील. आपण गणपतीची प्राणप्रतिष्ठा करतो, दीड किंवा दहा दिवस तो घरी असतो, मग उत्तरपूजा करून त्याला निरोप देतो आणि पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो. तीर्थंकरांच्या मूर्तीचीही मोठ्या सोहळ्यानं प्रतिष्ठा होते, पण सिद्धशिलेवरून, म्हणजे सिद्धांच्या त्या वरच्या ठिकाणाहून, कोणी खाली उतरत नाही. मूर्ती हे ध्यानाचं आलंबन. जैनांच्या दोन मुख्य पंथांपैकी दिगंबरांच्या पूजेत आवाहन आणि विसर्जनाचे शब्द येतात, तेही भावनेपुरते.

दिगंबर मूर्ती निरलंकार, अर्धोन्मीलित नेत्रांची असते. दुसऱ्या, श्वेतांबर पंथातले मूर्तिपूजक वरून डोळे बसवतात, आंगी म्हणजे अलंकारांचा साज चढवतात. श्वेतांबरांचेच स्थानकवासी आणि तेरापंथी हे उपपंथ मूर्तिपूजा करतच नाहीत. त्यामुळे पुण्यातल्या एखाद्या जैन मैत्रिणीनं ‘आम्ही देवळात जात नाही, स्थानकात जातो’ म्हटलं तर ती कमी धार्मिक आहे असा अर्थ काढू नका.

९. जैनांना ‘नास्तिक’ म्हणणं बरोबर आहे का?

शब्दाचा कोणता अर्थ घेता यावर आहे. मनुस्मृतीत (२.११) ‘नास्तिको वेदनिन्दकः’ आहे. जैन वेद प्रमाण मानत नाहीत, तेव्हा त्या व्याख्येनं ते नास्तिक. पाणिनीच्या ‘अस्तिनास्तिदिष्टं मतिः’ (४.४.६०) या सूत्राचा परंपरागत अर्थ घेतला तर परलोक आहे असं मानणारा तो आस्तिक. त्या अर्थानं जैन पक्के आस्तिक: आत्मा, पुनर्जन्म, कर्म, मोक्ष, सगळं मानणारे. आज आपण हा शब्द ‘ईश्वर न मानणारा’ या अर्थी वापरतो. तो अर्थ लावला तर वेद मानणारे सांख्य आणि पूर्वमीमांसकही त्यात येतील, कारण त्यांच्या दर्शनांना जगत्कर्त्या ईश्वराची गरज भासली नाही. योगसूत्रांतला ईश्वर (१.२४) हा क्लेश आणि कर्मांचा स्पर्श नसलेला ‘पुरुषविशेष’ आहे. तो सिद्धाच्या किती जवळ जातो पाहा. एक भेद मात्र मोठा: योगाचा ईश्वर कधी बद्ध नव्हताच, सिद्ध मात्र बंधनातून सुटलेला असतो.

गीतेतलाच एक श्लोक (५.१४) नाव न सांगता वाचून दाखवला की वर्गातले लोक तो जैन ग्रंथातला समजतात: प्रभू लोकांचं कर्तृत्व निर्माण करत नाही, कर्मंही नाही आणि कर्मफळाशी संयोगही नाही, स्वभावच हे सारं करतो.

१०. मग जैन घरांत पद्मावती, भैरव, क्षेत्रपाल यांना नवस कसे बोलले जातात?

ही खरी गाठ आहे. पार्श्वनाथांच्या मूर्तीजवळ धरणेंद्र आणि पद्मावती, ऋषभदेवांजवळ गोमुख आणि चक्रेश्वरी, नेमिनाथांजवळ अंबिका, अशा शासनदेवता असतात. त्या प्रश्न १ मधल्या ‘स्वर्गातल्या देव’ या गटातल्या: सामर्थ्यवान, पण संसारी. त्यांना राग-लोभ आहेत, म्हणून त्या प्रसन्न होऊ शकतात. तीर्थंकर देत नाहीत, पण त्यांच्या भक्ताला त्यांची रक्षक देवता मदत करते, अशी ही मांडणी.

याला जैनांमध्येच विरोध आहे. दिगंबरांत तेरापंथी परंपरा शासनदेवतांची पूजा मानत नाही आणि बीसपंथी मानते. (हा दिगंबर तेरापंथ, प्रश्न ८ मधला श्वेतांबर तेरापंथ वेगळा.) माझं मत विचाराल तर, आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईला कोणाकडे तरी मागावंसं वाटतं. जैन परंपरेनं ते मागणं तीर्थंकरांपर्यंत नेलं नाही आणि तिला रिकाम्या हातीही परत पाठवलं नाही.

११. तीर्थंकर म्हणजे जैनांचे अवतारच ना?

दिशा उलटी आहे. अवतार म्हणजे खाली उतरणं: देव माणूस होतो. तीर्थंकर हा वर चढलेला जीव आहे, माणूस असून परमात्मा झालेला. आणि एकदा सिद्ध झाला की धर्माला कितीही ग्लानी आली तरी परत येत नाही.

गंमत अशी की दोन्ही परंपरांनी एकमेकांच्या थोरांना आपल्या घरात जागा दिली आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात नाभीचा पुत्र आणि भरताचा पिता ऋषभ हा विष्णूचा अवतार आहे. विमलसूरींनी ‘पउमचरिय’ लिहिलं ते महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत. त्यात रामाचं नाव पद्म, रावणाला मारतो लक्ष्मण, आणि राम दीक्षा घेऊन मोक्षाला जातो. कृष्ण हा नेमिनाथांचा चुलतभाऊ, नववा वासुदेव (जैन पुराणांत ‘वासुदेव’ हे पराक्रमी वीरांच्या एका मालिकेचं नाव). हिंसेच्या कर्मामुळे तो सध्या नरकात आहे, असं जैन पुराणं सांगतात. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. पण त्याच पुराणांत पुढे आहे की येत्या काळात तोच कृष्ण तीर्थंकर होणार. जैनांच्या लेखी कर्मातून वासुदेवालाही सूट नाही आणि मोक्षाचं दार कोणालाच बंद नाही.

१२. ‘अहं ब्रह्मास्मि’ आणि जैनांचं ‘आत्मा हाच परमात्मा’ एकच म्हणतात ना?

ऐकायला एक, अर्थानं दूर. अद्वैतात ब्रह्म एकच आहे आणि जीवाचं वेगळेपण अज्ञानामुळे भासतं. जैनांच्या मते आत्मे अनंत आहेत आणि मोक्षानंतरही अनंतच राहतात. प्रत्येक सिद्ध वेगळा, ज्ञानानं आणि आनंदानं सारखा. थेंब सागरात मिसळतो हा दृष्टांत जैनांना लागू पडत नाही. एका खोलीत अनेक दिवे लावले तर उजेड एकमेकांत राहतात, पण ज्योती वेगळ्याच, हा पडतो.

१३. जैन प्रार्थनेत कधीच काही मागत नाहीत, हे खरं आहे?

णमोकारात खरंच काही मागितलेलं नाही, त्यात एकही व्यक्तिनाम नाही. पण श्वेतांबर घरांत रोज म्हटल्या जाणाऱ्या लोगस्स सूत्रात ‘तित्थयरा मे पसीयंतु’ आहे, तीर्थंकर माझ्यावर प्रसन्न होवोत. शेवट तर ‘सिद्धा सिद्धिं मम दिसंतु’, सिद्ध मला सिद्धी देवोत. जुन्या आचार्यांनाही हे खटकलं. आवश्यकनिर्युक्ती या जुन्या प्राकृत टीकाग्रंथाचं उत्तर असं की ही भक्तीची भाषा आहे. ज्यांचे राग-द्वेष संपले ते समाधी किंवा बोधी देत नाहीत, पण त्यांच्या भक्तीनं ती मिळते.

‘पसीयंतु’ आणि ज्ञानदेवांच्या पसायदानातला ‘पसाय’ हे एकाच धातूपासून आलेले शब्द, प्र + सद्. एकीकडे सरळ मागणं: ‘जो जे वांछील तो ते लाहो’. दुसरीकडे देणारा नाही हे माहीत असूनही ओठांवर आलेलं मागणं. हे जुळलं तेव्हा मला वाड्यातली सकाळ आठवली.

१४. जैन घरात गणपती बसवला किंवा लक्ष्मीपूजन केलं तर चालतं का?

पुण्यातल्या अनेक घरांत होतं. सिद्धांतानं पाहिलं तर मोक्षासाठी त्याचा उपयोग नाही. घराच्या रीतीनं पाहिलं तर तुमच्या वडीलधाऱ्यांना आणि साधू-साध्वींना विचारा. दिवाळीची अमावास्या जैनांना महावीर निर्वाणाची, आणि भाद्रपदात तर दोन्ही पंचांगं एकमेकांत गुंफलेली. श्वेतांबरांची संवत्सरी चतुर्थीला किंवा पंचमीला येते, दिगंबरांचं दशलक्षण पर्व पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत. लक्ष्मी रोडवर ढोल वाजत असतात आणि आतल्या गल्लीत कोणाचा तरी दहावा उपवास असतो. शेजाऱ्याच्या उपवासाची आठवण ठेवून पथकानं गल्लीच्या तोंडाशी ढोल थांबवल्याचं मी पाहिलं आहे.

१५. मग कायद्यानं जैन हिंदू आहेत की नाहीत?

हिंदू विवाह कायदा, १९५५ जैनांना लागू आहे. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारनं जैनांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केलं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. देवकल्पनेचा निकाल यातून लागत नाही.

१६. आमचं लग्न आंतरधर्मीय आहे. मुलगी सहा वर्षांची. एक आजी म्हणते देव बघतोय, दुसरी म्हणते देव काही करत नाही. ‘देव मला बघतो का?’ या प्रश्नाला आम्ही काय सांगावं?

सांगा, हो, बघतो. यावर दोन्ही आज्यांचं एकमत आहे. केवलज्ञानी सर्व जाणतो आणि सर्व पाहतो, असं जैन मानतात. तो रागावत नाही आणि बक्षीसही देत नाही, इतकंच. हिंदू आजीकडे अंतर्यामी आहे, आत बसून पाहणारा, आणि हाक मारली तर धावणारा.

ती जरा मोठी झाली की मुंडक उपनिषदातले दोन पक्षी (३.१.१) सांगा. एकाच झाडावर दोघं बसले आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता बघतो. मग तिला विचारा, तो बघणारा पक्षी कोण असेल? एका वेदान्ती आजीला तो परमेश्वर वाटेल, जैन आजीला कदाचित तिच्या नातीचाच शुद्ध आत्मा. आमच्या वर्गात हा प्रश्न एका आठ वर्षांच्या मुलीला विचारला होता. ती म्हणाली, ‘दुसऱ्याला भूक नाही लागत का?’ त्या रविवारी पुढचं वाचन झालं नाही. सगळे त्यावरच बोलत राहिले.